मृणाल स्वतःहून थांबली नव्हती

कित्येक महिने मी खोटं बोललो.

मृणालच्या आईशी, तिच्या नवऱ्याशी, तुमच्यापैकी बहुतेकांशी. "तिनेच कॅम्पवर थांबायचं ठरवलं." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते तोंडपाठ झालंय.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मृणाल माझी इथली, अमेरिकेतल्या कॅरी गावातली मैत्रीण. मूळ नागपूरची. फार्मा कंपनीत लॅब सांभाळायची. चाळिशीला लोक क्रूझ बुक करतात, हिने अकोंकाग्वा बुक केला. अर्जेंटिनातला, अँडीजमधला सगळ्यात उंच डोंगर. आणि मला ओढलं सोबत.

कॅरीत चढ कुठून आणायचा? आम्ही ऑफिसच्या पार्किंग डेकचे जिने चढायचो, सॅकमध्ये तांदळाची वीस पाउंडांची गोणी घालून. मी मागे पडलो की वरून आवाज यायचा, "काहून एवढा हळू चालून राहिला बे?"

ती माझ्यापेक्षा जास्त फिट होती. उंचावरच्या विरळ हवेला त्याचं काही नसतं, ती कुणालाही धरते.

आम्ही सहा क्लायंट होतो. गाइड दोन. एक ड्वेन, कंपनीचा मालक, अमेरिकन. दुसरी लुसियाना, त्याची असिस्टंट, तिथलीच.

शेवटच्या कॅम्पवर पोचलो त्या दुपारी मृणालचा खोकला थांबेना. बसल्या जागी धाप लागत होती. आडवी झाली की जास्तच.

लुसियानाने तिच्या पाठीला कान लावला आणि ड्वेनला सांगितलं, हिच्या फुप्फुसात पाणी होतंय, आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं, मी नेते.

ड्वेन नाही म्हणाला. एक गाइड खाली गेली तर बाकीच्या पाच जणांना तो एकटा वर नेऊ शकत नव्हता. आणि हवा फक्त दुसऱ्या दिवशी चांगली राहणार होती. म्हणजे एकीला खाली नेलं की सगळ्यांचं समिट कॅन्सल.

त्याने तिला खोकल्याची गोळी दिली.

मी आणि मृणाल एकाच टेंटमध्ये होतो. ती म्हणाली, "अनिकेत, मला खाली जायचंय. तू बोल ना त्याच्याशी."

बोललो.

एकदा.

ड्वेनने विचारलं, "तू नेतोस का तिला? मग तुझंही समिट गेलं."

मी परत टेंटमध्ये आलो आणि तिला सांगितलं की काही तासांचाच प्रश्न आहे, उद्या दुपारपर्यंत आम्ही परत येतो, मग सगळे मिळून खाली जाऊ.

ती म्हणाली, "बरं. निघताना झिप नीट लाव. थंडी येते."

पहाटे मी झिप नीट लावली.

वॉकीटॉकी दोन होते. ड्वेनने दोन्ही वर नेले.

आम्ही पाचही जण समिटवर पोचलो. फोटोत मी हसतोय.

परत आलो तेव्हा मृणाल सॅकला टेकून बसली होती. हात गार पडलेले. झिप आतून अर्धी उघडलेली होती. म्हणजे तिने बाहेर यायचा प्रयत्न केला होता.

खाली शहरात, हॉटेलच्या लॉबीत ड्वेनने माझ्यापुढे एक कागद ठेवला. मृणालला गंभीर त्रास नव्हता, ती स्वतःच्या इच्छेने मागे थांबली, असं त्यात लिहिलं होतं. टेंटमेट म्हणून माझी सही हवी होती.

मी केली. कारण त्या कागदामुळे ड्वेन सुटत होता, आणि मीसुद्धा.

मग या उन्हाळ्यात त्याच्या वेबसाइटवर नव्या सीझनची जाहिरात आली. वर आमचाच फोटो. खाली लिहिलं होतं की मागच्या ट्रिपला समिटसाठी निघालेला प्रत्येक जण वर पोचला.

खरंच आहे. मृणाल निघालीच नव्हती ना.

तो फोटो तिच्या मुलीनेही पाहिला. ईशा, पंधरा वर्षांची. दारात उभं राहून तिने मला विचारलं, "अनिकेत काका, डिड शी रिअली से दॅट? की तिला थांबायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

तिने दार लावून घेतलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलूही नये.

त्याच आठवड्यात मी लुसियानाला शोधून काढलं. तिने ड्वेनचं काम सोडलं होतं. त्या दुपारपासूनच्या सगळ्या नोंदी तिच्या डायरीत होत्या: मृणालचा श्वास, नाडी, ड्वेनचं उत्तर. तिने पानांचे फोटो पाठवले. मी त्या फोटोंना माझं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि मृणालच्या नवऱ्याच्या वकिलाकडे दिलं. लॉबीतल्या त्या सहीच्या कबुलीसकट.

ड्वेनचा फोन आला. आवाज आधी गोड होता. मग म्हणाला, "सही तुझी आहे. मी बुडालो तर तूही बुडशील."

मी म्हणालो, "माहितेय. म्हणूनच तुला घेऊन बुडतोय."

त्याने फोन कापला. त्या क्षणी मला जेवढं बरं वाटलं तेवढं वर्षभरात वाटलं नव्हतं. चांगल्या माणसाला असं वाटू नये बहुतेक. मला वाटलं.

मग मी त्याच्या या सीझनच्या क्लायंटना एकेक करून लिहिलं. डायरीची पानंही जोडली. चार जणांनी नाव काढून घेतलं. परवाना देणाऱ्या ऑफिसनेही त्याच्याकडे खुलासा मागितलाय. या वर्षी त्याची ट्रिप निघणार नाही.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा जुळवाजुळव केली, तर मी पुन्हा लिहीन. कंपनीचं नाव बदललं तरी लिहीन.

कमेंटमध्ये मला "स्ट्राँग राहा" लिहू नका. माझी बाजूही घेऊ नका. शक्य असेल तर ईशाला आणि तिच्या बाबांना भेटून या.

मृणाल, तुझी माफी मागत नाहीये. ती मिळण्यासारखं मी काही केलेलं नाही.

तुला नमस्कार.

त्याला सोडणार नाही.