न धुवायच्या जर्सी

आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे. मी आले तेव्हाही ती रिकामीच होती. त्यामुळे मुलींची कबड्डी माझ्या गळ्यात पडली. मी विज्ञान शिकवते, पण मला शिट्टी वाजवता येते, एवढी पात्रता मुख्याध्यापकांना पुरेशी वाटली.

त्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका पुढारी साहेबांनी संघाला जर्सी दिल्या. पाठीवर बारीक अक्षरात नंबर आणि पुढे छातीभर साहेब, हात जोडून. फोटो कापडात छापलेला नव्हता, वरून इस्त्रीनं चिकटवलेला होता. म्हणून वाटपाच्या दिवशीच मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं.

"म्याडम, तालुक्याच्या स्पर्धेला साहेब सोता येनार हायेत. तवर जर्सी धुवायच्या न्हाईत. चेहरा निघंल."

झालं. मुली रोज सराव करायच्या, घामानं चिंब झालेल्या जर्सी पोत्यात भरायच्या आणि पोतं खेळाच्या खोलीत बंद व्हायचं. दुसऱ्या दिवशी जिच्या हाताला जी लागेल ती तिची. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडणं क्रीडाशिक्षकाच्या कामात मोडतं.

पोळा झाला आणि एकीच्या मानेवर लाल गोल चट्टा उठला. मग दुसरीच्या दंडावर, मग तिसरीच्या पाठीवर. कबड्डीत पकड म्हणजे अंगाला अंग घासणं आलंच, वरून घाम पुसायला सगळ्यांत मिळून एक टॉवेल. बघता बघता अख्खा संघ गजकर्णानं खाजवू लागला. संघभावना म्हणतात ती हीच असावी. गावातल्या मेडिकलवाल्यानं जी जाईल तिला तीच एक ट्यूब दिली. तिनं खाज लगेच थांबायची, मुलगी खूश व्हायची आणि ट्यूब संपली की चट्टा दुप्पट होऊन परत यायचा. मेडिकलवालाही खूश.

आमची सगळ्यात चांगली चढाई करणारी पोरगी नववीत होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि तीही दरवर्षी त्यांच्याबरोबर जायची. त्या वर्षी पहिल्यांदाच तिला गावात, चुलतीकडे ठेवायचं ठरलं होतं. शाळा सुटणार नव्हती, खेळ सुटणार नव्हता. तेवढ्यात चुलतीनं तिच्या मानेवरचा चट्टा पाहिला आणि थेट शाळेत आली.

"म्याडम, माझी लेकरं बारकी हायेत. आसलं आंगावर घिऊन ती माझ्या घरात न्हाई ऱ्हायची. दिवाळीपत्तुर बरी झाली तर ठिवते. न्हाईतर जाऊ द्या आईबापासंगं."

पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचं वर्ष आता त्या चट्ट्यावर अवलंबून होतं.

मी अंबाजोगाईहून ओळखीचे त्वचेचे डॉक्टर बोलावले. त्यांनी मुलींना तपासलं, औषधं लिहून दिली. मग पालकांची सभा भरवली. सभा म्हटल्यावर आधी सत्कार. आमच्या शाळेची शाल एकच आहे. ती पाहुण्याच्या खांद्यावर पडते, फोटो निघतो आणि पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत ती घडी होऊन पुढच्याकडे जाते. सरपंच झाले, सदस्य झाले, शेवटी डॉक्टर. दुसऱ्याचं कापड अंगाला लावू नका हे सांगायला आलेल्या माणसाच्या अंगावर ती टाकताना कुणालाच काही वाटलं नाही. डॉक्टरांनी मान जरा बाजूला घेतली, एवढंच.

ते मात्र छान बोलले. टॉवेल आणि कपडे ज्याचे त्याचे, खेळून आल्यावर लगेच अंघोळ, अंग कोरडं, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. चट्टा आहे तोवर पकडीचा खेळ बंद. मनानं ट्यूब लावायची नाही आणि बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही. एका ताटात जेवल्यानं हे पसरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. नेमका तेव्हाच चहा आला. ते वाक्य कपबशांच्या आवाजात गेलं.

"पन डाक्टरसाहेब, आमी तर जल्मभर एकाच टावेलानं आंग पुसतोय," एक आजोबा म्हणाले आणि मांडी खाजवत खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी घरून मोठं पातेलं आणलं आणि हौदाजवळ चूल मांडून जर्सी उकळत्या पाण्यात टाकल्या. आधी साहेबांचं कपाळ सुटलं, मग चष्मा, मग मिशा. जोडलेले हात मात्र टिकले. मुली पोट धरून हसत होत्या. मुख्याध्यापक धावत आले आणि पातेल्यात बघतच राहिले.

"म्याडम, तुमी माजी नौकरी घालवता बगा!"

कुणाची नोकरी गेली नाही. स्पर्धेच्या दिवशी साहेबांनी ओळीनं उभ्या मुलींच्या छातीवर आपले नुसते हात पाहिले, शेजारच्या माणसाला "पुढच्या बारीला पक्क्या रंगात करा" म्हणाले आणि नारळ फोडला. एवढ्यासाठी पोरी महिनोन्‌महिने कुजक्या कपड्यात खेळल्या होत्या.

ती पोरगी त्या स्पर्धेत खेळली नाही. बाकीच्यांचे चट्टे गेले होते, तिचा अजून होता, म्हणून मी तिला कडेला बसवलं. आम्ही हरलो. ती स्वतःचा टॉवेल मांडीवर घेऊन बघत होती, रडली नाही. औषध तिनं एकदाही चुकवलं नाही. दसरा झाला आणि तिची कातडी स्वच्छ झाली. चुलतीनं तिला शाळेच्या अंगणात उन्हात उभं केलं, दंड फिरवून पाहिले, वेणी उचलून मान पाहिली आणि म्हणाली, "ठिवते."

मी जिंकले, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर उसाच्या ट्रॅक्टरची तारीख ठरली. पोरगी दसऱ्यापासूनच चुलतीकडे राहायला लागली होती. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी ती मला शोधत आली.

"म्याडम, मी उसाला जाते."

"का गं? काय झालं?"

"चुलती मला ताट आलग देती. तांब्या आलग. बाहीर वट्ट्यावर बसून जेवायचं. बारकीला माज्याजवळ येऊ देत न्हाई. म्हनती, म्याडमनीच सांगितलंय." ती खाली बघत होती. "फडावर आई संगं जेवाय घेती."

माझं डोकं फिरलं. सभेतलं सगळं विसरणाऱ्या गावात एका बाईनं माझा धडा असा मन लावून गिरवला होता. संध्याकाळी मी चुलतीच्या घरी गेले. समोर ट्रॅक्टर भरून उभा होता. पोरगी ओट्यावर एकटी जेवत होती.

"तुमीच तर म्हनला व्हता, आपापलं आलग ठिवा," चुलती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती; सभेनंतर डॉक्टरांचं तेवढंच वाक्य मी सगळ्यांना बजावत होते. मी समजावलं, टॉवेल वेगळा, कपडे वेगळे, ताटाचा काही संबंध नाही आणि ती आता बरी आहे. चुलतीनं सभेत हलवली होती तशीच मान हलवली.

मग मी बोलणं थांबवलं. पोरीशेजारी मांडी घालून बसले, तिच्या ताटातली भाकरी मोडली, तिच्याच कालवणात बुडवून खाल्ली आणि तिच्या तांब्यातलं पाणी प्याले. शिट्टी वाजवून 'एकमेकींचं काही घेऊ नका' म्हणत घसा बसवून घेतलेली मी. कालवण लई तिखट होतं.

मला जेवताना बघून चुलतीची धाकटी दारातून आली आणि तिनं त्याच ताटात हात घातला. चुलती ओरडायला पुढे झाली, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गरम भाकरी होती. ती तिनं त्या ताटात टाकली.

सकाळी ट्रॅक्टर गेला. पोरगी मैदानावर होती.