तळाशी राहिलेला पांढरा साका

आमच्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली गाळणीकाका म्हणे. चहा ते दोनदा गाळत, आणि नळाचं पाणीसुद्धा निवळू दिल्याशिवाय पीत नसत. "एक दिवस मलाही गाळून बघतील, खाली काय उरतंय ते," काकू म्हणायच्या.

संशोधन केंद्राच्या काचघरात ते टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालत. तिथल्या संशोधक बाईंनी खत म्हणून, हाडांत असतं तसलं खनिज प्रयोगशाळेत घडवलं होतं. कण इतके बारीक की पाण्यात मिसळले की पातळ दूधच वाटावं. नेहमीच्या खतातलं बरंच स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पाण्याबरोबर ओढ्यात वाहून जातं. हे नव्या खतातलं मात्र मातीत टिकून मुळांना हळूहळू मिळेल, ही बाईंची आशा. खत त्या स्वतःच घालायच्या. मग त्या परगावी गेल्या आणि खताच्या पाण्याचे कॅन काकांच्या हाती आले.

बाई परतल्या तेव्हा नव्या खताच्या रोपांची पानं खालून जांभळी पडली होती. तुलनेसाठी ठेवलेल्या बिनखताच्या रोपांसारखीच.

"स्फुरद पोचलंच नाही," बाई म्हणाल्या. "उद्याच्या बैठकीत सांगून टाकते, जमलं नाही म्हणून. काम बंद."

काका तेव्हा कॅन विसळत होते. तळाशी पांढरा साका होता. रोजच असायचा. रोज ते कॅन स्थिर ठेवत, वरचं नितळ पाणी कुंड्यांना घालत आणि साका मोरीत ओतून देत. त्यांचा हात तिथेच थांबला.

दुपारी घरी काका नुसताच भात चिवडत बसले.

"मीठ जास्त झालंय का?" काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. "बोललो तर कामावरून काढतील गं."

"आणि नाही बोललात तर?"

"बाईंचं सगळं बुडेल."

काकूंनी ताट झाकलं. "मग जा आधी. परत गरम करून देईन."

काका केंद्रात परतले तेव्हा बाई टेबल आवरत होत्या.

"बाई, तुमचं खत मी मोरीत ओतलं."

"काय?"

"गाळ समजून. रोपांना नुसतं वरचं पाणी दिलं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चिडल्या की त्यांना हायसं वाटलं, काही कळेना. "अहो काका, ढवळायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं का?"

"नाही."

"उद्या हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल. तुम्हीही चला."

"येतो."

बाईंनी नवा कॅन पुढे केला. काका तो हलवू लागले. खांदा भरून आला तरी थांबेनात. पांढरं पाणी कुंडीत ओतून त्यांनी एक जांभळं पान उलटं केलं आणि बघत राहिले.

"काका, एवढ्यात नाही होत हिरवं."

"माहीत आहे," ते म्हणाले, पण पान सोडलं नाही.