बाईंच्या वाटणीची चतकोर

ताट जसं गेलं होतं तसंच परत आलं. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही.

वॉर्डातली सिस्टर वैतागून म्हणाली, "मॅडम, ते पुणतांब्याचे आण्णा काहीच खात नाहीत. त्यांची बहीण ताट समोर ठेवूही देत नाही. तुम्हीच बोला आता."

मी श्रीरामपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. पेशंट 'डाएटवाल्या बाई' म्हणतात. कामाचं स्वरूप एवढंच की डॉक्टर औषध ठरवतात आणि मी ताट ठरवते. औषध लोक मुकाट्याने घेतात. ताटावरून मात्र भांडतात.

आण्णा साठीच्या पुढचे. ऊस आणि पेरूची बाग. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. शुगर वाढलेली असली की जखमा भरत नाहीत, चिघळतात. मग बोट काढावं लागतं, आणि कधीकधी काम बोटावर थांबत नाही. सर्जननी घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं, शुगर खाली आली तर अंगठा राहील. नाही आली तर आपल्या हातात काही नाही.

अशा माणसाचं ताट परत येणं मला परवडणारं नव्हतं. इन्शुलिन चालू आणि पोटात काही नाही, तर शुगर एकदम कोसळते, हा वेगळाच धोका.

मी वॉर्डात गेले. आण्णांची थोरली बहीण, गंगूआत्या, स्टुलावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, हात मांडीवर. शेताच्या राखणीला बसल्यासारख्या. आण्णांची बायको गेल्यापासून घरची चूल त्यांच्याच ताब्यात होती.

"आत्या, ताट का परत पाठवलं?"

"उचला आधी ते. त्याच्या म्होरं ठिऊ नका."

"चव आवडली नाही का?"

"चवीचं कोन बोलतंय, बाई? असलं जेवान आमच्यात कवा आनत्यात, ठावं हाय का तुमाला?"

मी ताटाकडे पाहिलं. उकडलेला दुधी. पांढरंफट वरण. कोरडे फुलके. कशालाच फोडणी नव्हती.

पलंगावरून आण्णा हळूच म्हणाले, "कारभारीण गेली तवा खाल्लं हुतं असलं. आता पुन्यांदा न्हाई."

"माझा भाऊ जित्ता हाय," आत्या म्हणाल्या. "जित्त्या मान्साला कडू घास घालता व्हय?"

मी राहुरीकडची. मला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे घरात मयत झालं की त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी आणि शेजारी जेवण करून आणतात. त्याला फोडणी देत नाहीत. तो कडू घास. हॉस्पिटल ज्याला 'डायबेटिक डाएट' म्हणून मोठ्या अभिमानाने वाढत होतं, ते या घराच्या डोळ्यांना सुतकाचं ताट दिसत होतं. भूक लागली म्हणून कुणी स्वतःच्या सुतकाचं जेवत नाही.

मी तडक वर गेले. हॉस्पिटलचे मालक, म्हणजे आमचे सर, रिपोर्ट पाहत होते.

"सर, शुगरच्या पेशंटच्या ताटाला फोडणी पाहिजे."

सर हसले. "मॅडम, आपण हॉस्पिटल चालवतो. खानावळ नाही."

"खानावळीत ताटं रिकामी परत येतात. आपल्याकडे भरलेली."

"फोडणी म्हणजे तेल."

"एका माणसाला एक चमचा. मी मोजून देते. त्यांची शुगर चमचाभर तेलाने वाढलेली नाही. भाकरी, भात आणि गोड चहाने वाढली आहे."

"आपला चार्ट पुण्याच्या तज्ज्ञांकडून करून घेतलाय."

"त्यांना पुणतांब्याकडे मयताच्या दिवशी काय जेवतात ते माहीत नसणार."

"म्हणजे आता रूढी बघून डाएट द्यायचं का?"

"पेशंटने ते खावं असं वाटत असेल, तर हो."

सरांनी मान परत रिपोर्टात घातली. "चार्ट बदलायचा नाही, मॅडम."

बरं. चार्ट मी बदलला नाही. खाली किचनमध्ये जाऊन तो नीट वाचला. फोडणी द्यावी असं त्यात कुठे नव्हतं. देऊ नये असंही नव्हतं. मी कढलं गॅसवर ठेवलं, चमचाभर तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, आणि वरणावर चर्र केलं. दुधीवर थोडा दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. किचनमधल्या मावशी भिंतीला टेकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सरांनी इच्यारलं तर?"

"माझं नाव सांगा."

ताट मी स्वतः नेलं. आत्यांनी झाकण उचललं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ताट भावासमोर सरकवलं. आण्णा जेवले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

डिस्चार्जच्या वेळी आण्णांची शुगर बरी होती. जाताना मी बजावलं, घरीही फोडणी द्यायची. पण हातात गेला तो हॉस्पिटलचा छापील चार्ट, आणि छापलेल्यापुढे माझ्या तोंडच्या शब्दाला किती किंमत? ड्रेसिंगला परत आले तेव्हा शुगर पुन्हा वर. जखमेच्या कडा काळपट. सर्जन म्हणाले, पुढच्या ड्रेसिंगपर्यंत थांबू. मग अंगठा काढायचा निर्णय घ्यावा लागेल.

सर म्हणाले, "बघा. घरी गेले की हे लोक खोटं बोलतात."

आण्णांची सून वैशाली माझ्या टेबलासमोर रडवेली होऊन उभी होती. "मॅडम, देवाशप्पथ सांगते. चार्टमध्ये दोन भाकऱ्या लिहिल्यात. मी दोनच्या वर एक देत नाही. उकडलेली भाजी वेगळ्या पातेल्यात करते."

"दोनच?"

"दोनच."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारे लोक इतकं नेमकं सांगत नाहीत. गडबड दुसरीकडे कुठेतरी होती, आणि ती हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून सापडणार नव्हती.

"सर, मी त्यांच्या घरी जाऊन येते."

"होम व्हिजिट आपल्या कामात बसत नाही."

"रविवारी मी कुठे जाते, ते तरी माझ्या कामात बसू द्या."

रविवारी स्कूटर काढली आणि जेवणाच्या वेळेला मुद्दाम न कळवता पुणतांब्याच्या त्यांच्या वस्तीवर पोचले. कळवून गेलं की लोक चार्ट भिंतीला लावून ठेवतात.

आत्या चुलीपुढे होत्या. त्यांनी तव्यावरून बाजरीची भाकरी उतरवली आणि माझं अर्धं कोडं तिथेच सुटलं. ती भाकरी ताटात ठेवली तर कडेने बोटभर जागा उरत नव्हती. आमच्या चार्टातली भाकरी तळहाताएवढी असते. पण चार्टात भाकरीचं माप कुणी लिहितं का? 'भाकरी - २' एवढंच लिहितात. वैशालीने दोन दिल्या. बरोबरच दिल्या.

उरलेलं कोडं ताटं वाढल्यावर सुटलं. वैशालीचा नवरा संतोष आणि आत्या यांच्या ताटात झणझणीत मटकीचा रस्सा. आण्णांच्या ताटात बिनफोडणीचा दोडका, वेगळ्या पातेल्यातला. आण्णांनी दोडका काठाला ढकलला. आत्यांनी एक भाकरी एका भगुल्यात चुरली, वर रस्सा ओतला आणि भगुलं भावापुढे ठेवलं.

"ही तिसरी भाकरी," मी म्हणाले.

"भाकरी कुटं? ह्यो काला हाय."

"काला कशाचा केला?"

"भाकरीचा."

"मग?"

"काल्याला कुनी भाकरीत धरतं का?" आत्यांनी खरोखर आश्चर्याने विचारलं. वैशालीने कपाळाला हात लावला. तिच्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

मी म्हणाले, "आजपासून आण्णांचं पथ्य बंद."

सगळ्यांचे घास थांबले. आण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला जरा हसू दिसलं.

"आता पथ्य घराला. पातेलं एकच. सगळ्यांनी त्यातलंच जेवायचं. फोडणी पाहिजेच, पण तेल चमच्याने. आधी भाजी आणि मटकी पोटभर, मग भाकरी. चहा बिनसाखरेचा, आला-गेला धरून."

संतोषने मान वर केली. "मॅडम, शुगर आण्णांना हाय. आमी का म्हनून भोगायचं?"

"आण्णांना आहे. आत्यांनाही शुगरची गोळी चालू आहे. रांगेत पुढचा नंबर कुणाचा ते उभं राहून स्वतःच्या पोटाकडे बघा."

वैशालीला हसू आवरेना. संतोषने शर्ट खाली ओढला.

आत्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "फोडनी माझ्या हातची?"

"तुमच्याच हातची."

"मंग बाकी बघू. पर भाकरी ल्हान करनार न्हाई. ल्हान भाकरी भातुकलीत करत्यात. पाव्हन्यांनी बघितलं तर म्हनतील, घराला दळिंद्र आलं."

"मोठीच करा. पण आण्णांना जेवणाला एकच. आणि त्यातलीही चतकोर काढून ठेवायची." चतकोर म्हणजे भाकरीचा पाव हिस्सा.

आत्यांनी भाकरी उलटायचा काविलथा खाली आपटला. "चतकोर? चतकोर दारावर मागायला येनाऱ्याला घालत्यात, बाई! माझ्या भावाच्या ताटात मोडकी भाकर वाढू?"

पुन्हा तेच. कडू घास झाला, आता भीक. या घरात अन्नाचं माप कधी अन्नाचं नव्हतंच. मानाचं होतं. मला राग आला होता. एका बाजूला माणसाचा अंगठा काळा पडतोय आणि दुसऱ्या बाजूला भाकरीची अब्रू. पण आत्यांशी त्या दिवशी कॅलरीवर बोलले असते तर मला दारापर्यंत पोचवलं असतं.

मी पायरीवर जाऊन उभी राहिले. हात पुढे केला.

"मग मीच मागायला आले असं समजा. आण्णांच्या भाकरीतली चतकोर रोज दोन्ही वेळेला मला काढून ठेवायची. मागणाऱ्याला नाही म्हणता का तुम्ही?"

आण्णा काल्याच्या भगुल्याकडे बघत होते. मग त्यांनी ते हाताने बाजूला सारलं.

"आक्का," ते म्हणाले, "घाल बाईला. मला पाय पायजे."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खरीच भिकारीण असते तर उपाशी परत गेले असते. पण भाकरी मोडली. चतकोर माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "लई चाबरी हाय ही बाई."

पुढच्या ड्रेसिंगला शुगर खूप नाही, पण उतरली होती. सर्जननी जखम बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाले, "अजून थांबू." आमच्या धंद्यात 'अजून थांबू' ही फार मोठी गोष्ट असते. त्यानंतर जखम हळूहळू भरत गेली. अंगठा राहिला. नख गेलं, चाल थोडी वाकडी झाली, पण आण्णा बागेत स्वतःच्या पायांनी फिरतात.

सर म्हणाले, "इन्शुलिनचा डोस आपण वेळेवर बदलला म्हणून."

"तेही आहेच, सर." ते खरंच आहे. इन्शुलिन, ड्रेसिंग, अँटिबायोटिक या सगळ्यांनी पाय वाचवला. फोडणीने पाय वाचतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणते, की न खाल्लेल्या पथ्याचा काहीही उपयोग होत नाही.

चार्ट अजून तोच आहे, पुण्याचा. किचनमधल्या मावशी रोज वरणाला फोडणी देतात. कुणी विचारलं तर माझं नाव सांगतात. अजून कुणी विचारलेलं नाही. ताटं रिकामी परत येतात.

शेवटच्या तपासणीला आत्या भावाबरोबर आल्या. ओपीडीत गर्दी होती. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर, लोकांच्या फाइलींवर ठेवलं.

"काय हे, आत्या?"

"तुमची चतकोर. रोज काढली. रोज दारच्या कुत्र्याला घातली. आज म्हनलं, जिची हाय तिला द्यावी. संगं मेथी हाय. फोडनी घातलीय, भिऊ नका."

मी तिथेच उभ्याने खाल्ली. पेशंट बघत होते, बघू दिलं. खाऊन झाल्यावर पोट भरलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. आत्यांच्या हातची ती चतकोर आमच्या चार्टातल्या एका अख्ख्या भाकरीएवढी होती.

तेव्हापासून पेशंट किती भाकऱ्या खातो हे मी विचारत नाही. आधी भाकरी दाखवा म्हणते.