सीलबंद चिंचोका

लोह्याच्या बसस्टँडमागं मोबाईल दुरुस्तीचं एक लहानसं दुकान आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथं बसायचो. मी लातूरहून यायची, ताई नांदेडहून, आणि ज्यांचं दुकान ते भाऊ अर्धं शटर ओढून आमची वाट बघत असायचे. घरी मी नुसतं ‘काम आहे’ म्हणायची. कंपनीनं कधीच बंद करून टाकलेल्या कानातल्या इअरफोनांवर गप्पा मारायला बाई दोन-अडीच तास एसटीत बसून जाते, हे कोणाच्या गळी उतरलं असतं?

मी वकिलांची रेकॉर्ड केलेली टिपणं ऐकून टाईप करते. दिवसभर कानात बोलणं असतं, तेही खटल्यांचं. त्यामुळं गाणं ऐकायची वेळ ही माझी स्वतःची वेळ. पण ऐकायचं कसं, ते मला ताईंनी शिकवलं.

पहिल्या नोकरीच्या वेळी मी नांदेडला खोली घेऊन राहत होते. ताई समोरच्या खोलीत. मूळच्या देगलूरच्या, एका दवाखान्यात नर्स, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं. एकदा नळावर पाण्याच्या रांगेत उभी असताना त्या माझ्या कानाकडं बघून म्हणाल्या, “तुझा आवाज बाहेर सांडून राहिलाय गं. अर्धं गाणं तर मीच ऐकलं.”

मग त्यांनी मला खोलीत नेऊन स्वतःचा इअरफोन दिला. चिंचोक्याएवढा, चिंचोक्याच्याच रंगाचा, त्याला पातळ रबरी टोपी. कानात नीट बसवला की रस्ता, नळ, भांडी, सगळं एकदम थांबायचं. त्यांनी एक जुनी गझल लावली.

“ऐकू आल्या का?”

“काय?”

“बांगड्या. दुसऱ्या कडव्याच्या आधी गाणारीनं हात हलवला बघ.”

मला नाही आल्या. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला आल्या. काचेच्या, दोन-तीनच असाव्यात, अगदी हलक्या. ती बाई कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी बंद खोलीत गाऊन गेली होती, आणि तिच्या हातातल्या बांगड्या मला नांदेडात ऐकू येत होत्या. मला रडूच फुटलं. ताई म्हणाल्या, “झालं, लागलं तुला येड.”

त्या इअरफोनला आम्ही चिंचोकाच म्हणायचो. मीही एक मिळवला. पुढं तो कंपनीनं काढायचा बंद केला, मग हळूहळू फोनना वायरचं भोकच राहिलं नाही. माझा चिंचोका कुर्त्याच्या खिशातून धुण्यात गेला. ताईंनी त्यांचा मात्र गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून जपला. त्याची वायर तुटली तेव्हा कोणी तरी लोह्याच्या भाऊंचं नाव सांगितलं. त्यांनी जोड असा दिला की बोट फिरवून कळू नये. वर हेही म्हणाले, “ताई, मी पण यातलाच हाव.” त्यांच्या ड्रॉवरमध्ये अशा सतरा मेलेल्या जाती होत्या. तिथून आमचे रविवार सुरू झाले. तोवर मी लग्न होऊन लातूरला आले होते.

काय बोलायचो? मोठं काही नाही. तो पांढरा आठवतो का, ज्याची वायर पदराला घासली की कानात खसखस व्हायचं? तो पत्र्याचा, थंडीत कानाला चटका द्यायचा तो? भाऊ एखादा मेलेला जोड काढून जिवंत करून दाखवायचे आणि एक एक करून आम्ही ऐकायचो. तोवर समोरच्या हॉटेलातून चुरमुऱ्याची सुशीला यायची, बशीत गार होऊन जायची. निकाल द्यायचा मान ताईंचा. “ह्याचा तबला बरा हाय, पण गाणारा घोंगडी पांघरून बसलाय,” असं त्या म्हणाल्या की संपलं. त्यांच्याएवढे कान मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. दवाखान्यातले नवे डॉक्टरही पेशंटच्या छातीत काही वेगळं वाटलं की त्यांना बोलवायचे.

मग ताई आजारी पडल्या. वॉर्डातूनच घेतलेलं दुखणं, छातीचं. कितीतरी महिने इंजेक्शनं चालली. बऱ्या होऊन आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, पण रविवारी आल्या. डबी उघडली, ऐकलं आणि म्हणाल्या, “भाऊ, आवाज मळकट झालाय. जाळी बदल.”

चिंचोक्याच्या तोंडाला बारीक जाळी असते, तिच्यात कानातला मळ अडकतो. भाऊंनी जाळी बदलली. पुढच्या खेपेला ताई पुन्हा म्हणाल्या, मळकटच आहे. भाऊंनी पुन्हा बदलली. तिसऱ्यांदाही. त्या दिवशी ताई चहा सांगायला समोर गेल्या तेव्हा मी विचारलं, “भाऊ, एवढं काय झालंय हो त्याला?”

“त्यात बिघाड न्हाई मॅडम. मी लावून बघितलं. पाण्यासारखा आवाज हाय.”

“मग?”

भाऊ डाग द्यायच्या कावीयाचं टोक पुसत राहिले. “मग काही न्हाई,” म्हणाले.

मला खरंच कळलं नाही, की मी कळू दिलं नाही, हे आता सांगता येत नाही. तोवर ताई फोनवर “मोठ्यानं बोल, रेंज न्हाई” म्हणू लागल्या होत्या. गप्पांत आमच्या तोंडाकडं बघत, हसायला आम्हा दोघांच्या मागून सुरुवात करीत. हे सगळं मी पाहत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, त्यांचा चिंचोका म्हातारा झाला, त्यांना नवा मिळायला पाहिजे.

आणि तो मला मिळाला. नणंदेच्या सासरी वास्तुशांतीला देगलूरला गेले होते. बाजारात रेडिओ-टेपचं एक जुनं दुकान मोडीत निघालेलं. मालक म्हातारे, गिऱ्हाइकाशी मराठी, नोकराशी तेलुगू. मी चिंचोक्याचं वर्णन केलं तर ते म्हणाले, “बघा अम्मा, त्या पेटीत हाय काय ते.” खाकी पेटीत चार्जर, रिमोट, कॅसेटींची कव्हरं, आणि तळाशी चिंचोक्याची कंपनीची डबी. सील न फोडलेलं. दुकानाबाहेर येऊन पहिला फोन भाऊंना केला.

ते म्हणाले, “ताईला सांगू नका मॅडम.”

“अहो, सीलबंद आहे! बघा तरी चेहरा कसा होतो त्यांचा.”

“म्हणूनच म्हणून राहिलो. ऱ्हाऊ द्या.”

रविवारी ताई यायच्या आधी ते पुन्हा म्हणाले, “आज माझ्याजवळ ठेवा. बघू मागून.” मला वाटलं, यांना स्वतःलाच हवाय. असं मी त्या माणसाबद्दल मनात आणलं.

ताई आल्या तशी मी डबी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली. मग नर्सच्या हातानं, कुठंही न फाडता, सील सोडवलं. आतल्या रबराचा वास घेतला. “पोरी,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला याआधी कधी पोरी म्हटलं नव्हतं. वायरचं भोक असलेला जुना फोन काढला, चिंचोके कानात बसवले, डोळे मिटले. मी तोंडाकडं बघत बसले, मला आनंद बघायचा होता.

त्यांचा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर गेला. पुन्हा गेला. त्यांनी चिंचोके काढून जाळ्या उजेडात धरल्या, टोप्या बदलल्या, पुन्हा बसवले. आणखी वाढवला. आता समोर बसलेल्या मला गाणं स्पष्ट येत होतं. पहिलं कडवं संपलं, आणि त्यांच्या कानातून बाहेर सांडलेल्या त्या आवाजात मला बांगड्या ऐकू आल्या. ताईंचे डोळे मिटलेलेच होते. त्या अजून वाट बघत होत्या.

दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“हे नवं हाय ना गं?”

“हाव, ताई.”

“सील होतं.”

“होतं.”

त्यांनी वायर नीट गुंडाळली, चिंचोके डबीत ठेवले, झाकण लावलं. “म्हणजे जाळीचा दोष न्हाई,” त्या म्हणाल्या.

भाऊंनी तोंड फिरवलं होतं. तिकडं बघतच ते मोठ्यानं म्हणाले, “ताई, मला सांगवलं न्हाई.”

“तुला कवा कळलं?”

“तिसऱ्या जाळीला.”

“मला पहिल्याच,” ताई म्हणाल्या. “त्या इंजेक्शनांनी ऐकणं जातं. बारीक आवाज आधी जातात. मीच कितीदा पेशंटला समजावलंय. पण म्हणलं, जुनं झालंय, जाळी भरली असंल. नवं तर कुठं मिळत न्हाई, मग कोण बघायला बसलंय.”

मला तेव्हा कळलं मी काय आणून दिलं होतं. त्यांच्याजवळ झाकायला एक पदर होता, तो मी सील फोडायला लावून ओढून घेतला. मी “ताई, माफ करा” म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि चार वाजताची गाडी पकडायला उठल्या. डबी काउंटरवरच राहिली.

महिनाभरानं त्यांनी स्वतः अर्ज देऊन वॉर्ड सोडला. नळी लावून पेशंटचं बीपी बघताना आत काही वाजतच नव्हतं. मशीनवर भागवत होत्या, पण मशीन चुकलं तर? त्यांना औषधांच्या स्टोअरला दिलं. दोन्ही कानांना यंत्रं आली. माणसाचं बोलणं त्यानं कळतं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर खडे, असं त्यांनी मेसेजमध्ये लिहिलं.

मला वाटलं आपण मेसेजवरच गप्पा चालू ठेवू. मी जुन्या इअरफोनांचे फोटो पाठवायची, कशाचा आवाज कसा होता ते आठवून लिहायची. तीन-चार आठवडे उत्तर आलं नाही. मग एकदा आलं, “हे आता नको पाठवत जाऊस. जेवलीस का ते विचारत जा.”

मी विचारत गेले. त्याही विचारत गेल्या. जेवलीस का, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना हे कधी विचारलंच नव्हतं. लोह्याला मी आणि भाऊ दोनदा बसलो. सुशीला गरम असतानाच खाऊन झाली. तिसऱ्या महिन्यात मी गेले नाही, भाऊंचाही फोन आला नाही. काउंटरवर राहिलेला तो नवा चिंचोका त्यांनी एसटी पार्सलनं मला पाठवून दिला. तो मी एकदाच कानात घातला. आवाज स्वच्छ, जसा होता तसाच. पहिलं कडवं संपायच्या आत मी तो काढला.

मागच्या उन्हाळ्यात ताई कानाची यंत्रं दाखवायला लातूरला आल्या होत्या. दुपारी घरी आल्या, धपाटे खाल्ले, आमच्या ह्यांच्याशी नोकरीच्या गप्पा मारल्या. केस पांढरे होऊ दिलेत. मी समोर बसून सावकाश, तोंड उघडून बोलत होते, तर म्हणाल्या, “इतकं हळू नको बोलू, मला मग म्हाताऱ्यासारखं वाटतं.” आम्ही दोघी हसलो, या खेपेला एकाच वेळी.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडलं. नांदेडची गाडी भरलेली होती, त्यांना खिडकी मिळाली. गाडी सुरू झाली तशी मी खिडकीशी जाऊन म्हणाले, “ताई, पुढच्या महिन्यात मी येते नांदेडला. तुमच्याकडं राहायला येऊ?”

इंजिनाचा आवाज होता, कंडक्टर ओरडत होता. ताईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि अगदी समजल्यासारखी मान हलवली.

“हाव हाव,” त्या म्हणाल्या, “सांगते तिला.” कुणाला, हे मी विचारायच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली.