विहीणबाईंच्या कण्या

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. एवढं एक वाक्य लेकीनं आधी सांगितलं असतं, तर त्या रविवारी माझा जीव इतका खालीवर झाला नसता. पण ती जर्मनीत वाढलेली, तिला कण्या कुठून माहीत असणार? आणि माझं तरी ज्ञान काय होतं म्हणा! मी पुण्याची. आमच्याकडे वरणभात, रव्याचा उपमा, फार तर दलियाची खीर. कण्या हा शब्द मी ऐकला होता तो कुणीतरी गरिबीतून वर आल्याच्या हकिकतीत. "कण्या खाऊन दिवस काढले" असं लोक म्हणायचे, तेवढाच.

तर लेक शिकायला कायझर्सलाउटर्नला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथलाच एक मुलगा पसंत करून बसली. मुलगा अमेरिकन, पण जन्मापासून त्याच गावात. वडील तिथल्या अमेरिकन लष्करी तळावर होते. मुलगा चार वर्षांचा असताना ते बायकोला सोडून मायदेशी निघून गेले. आई मागे राहिली आणि एका बालवाडीत स्वैपाक करून तिनं पोराला वाढवलं. मुलगा चांगला होता. मला पहिल्या भेटीतच आवडला. अडून बसले होते ते आमचे हे.

अडून बसले म्हणजे तोंडानं नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. चार महिने एकच शब्द, "बघू." हा माणूस झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासतो. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, अहो, माणसं म्हणजे काय ब्रेक आहेत, की लाख वेळा दाबून बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही? त्यावर हे म्हणाले, बघू. इकडे लेकीला श्टांडेसआम्टमधून लग्न नोंदवायची तारीख मिळाली होती. ती पक्की करायला एक आठवडा उरला होता. बाबा येणार नसतील तर तारीख सोडून देते, असं तिनं मला फोनवर सांगितलं, आणि जर्मनमधून सांगितलं. ती मनातून दुखावली की मराठी बंद करते.

मग मीच पुढाकार घेतला. त्या मुलाला आणि त्याच्या आईला रविवारी जेवायला बोलावलं. तिला विहीण म्हणायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, पुण्याहून आणून जपून ठेवलेल्या कुरडया, असा सगळा घाट घातला. विहीणबाईंचा आदल्या दिवशी फोन आला, काय आणू म्हणून. मी आपलं म्हटलं, काही नको, घर आपलंच समजा. हे आपण सगळ्यांनाच म्हणतो. ते कुणी मनावर घ्यायचं नसतं, हेही आपल्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यांनी मनावर घेतलं. अकरा वाजता लेक त्या दोघांना घेऊन आली. बाईंनी बूट काढले, माझ्या हातात फुलं दिली आणि तडक स्वैपाकघरात गेल्या. पिशवीतून एप्रन काढला, एक पाकीट काढलं आणि जाड बुडाचं पातेलं मागितलं. मी आ वासून बघत राहिले. विहीण आणि शेगडीपाशी! आमच्या आत्यानं बघितलं असतं तर तिथेच मटकन बसली असती. लग्नाच्या घरात विहिणीला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत, आणि ही बाई माझ्या कपाटात चमचा शोधत होती. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या मुलुखात, अमेरिकेच्या दक्षिण भागात, महत्त्वाच्या कामाला कुणाकडे जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत. आणि हा पदार्थ गरमच खायचा, म्हणून इथेच करायचा. मी हात टेकले.

पाकिटावर ग्रिट्स असं लिहिलं होतं, आत पांढरा शुभ्र भरडा होता, रव्यापेक्षा चांगला जाड. त्यांनी तो पाण्यात घालून ढवळला. फोलपटं वर तरंगली, ती त्यांनी माझ्या चहाच्या गाळणीनं अलगद काढून टाकली. मग चौपट पाणी, मीठ, मंद आच आणि ढवळणं. पाऊण तास! मी दहा मिनिटांत उपमा उरकणारी बाई. मला वाटलं, आता तरी होईल, मग वाटलं, आता. पातेलं रटरटत होतं आणि मधूनच एखादा थेंब टपकन हातावर उडून चटका देत होता. आम्ही दोघी आळीपाळीनं ढवळत होतो. त्यांची जर्मन त्या भागातली गावठी, वर अमेरिकन हेल. माझी जर्मन संध्याकाळच्या वर्गातली. चुका दोघींच्याही सारख्याच होत असल्यामुळे छान जमलं.

हळूहळू घरभर वास सुटला. मक्याची भाकरी तव्यावरून उतरते ना, तसा, जरा गोडसर. मी बशीत थोडं घेऊन चाखलं. आधी वाटलं, चवच नाही की. मग जिभेवर मऊ मऊ दाणे राहिले आणि मागून मक्याचा गोडवा आला. लोणी घातल्यावर तर लहान बाळाच्या खिमटासारखं पोटाला बरं वाटलं. काही लोक वर किसलेलं चीज घालतात, काही तळलेलं अंडं, समुद्राकाठचे लोक कोळंबी. उरलं तर थापून ठेवायचं आणि सकाळी वड्या पाडून परतायच्या, हे ऐकून मला एकदम आपल्या कोथिंबीरवडीची आठवण झाली. सवयीनं माझा हात साखरेच्या डब्याकडे गेला, तर बाईंनी मनगटच धरलं. यात साखर घालणाऱ्याला त्यांच्याकडे घरात घेत नाहीत म्हणे. पुण्याच्या बाईला हे सांगायचं म्हणजे!

तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. पातेल्यात डोकावले, गाळणीतल्या फोलपटांकडे बघितलं.

"कण्या?" यांनी मला मराठीत विचारलं.

आणि उत्तराची वाट न बघता बाहेर निघून गेले. मी पटकन पातेल्यावर झाकण टाकलं. कारण हे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातले. वडिलांचं पंक्चरचं दुकान, पाच भावंडं, आणि रात्रीच्या जेवणाला बहुतेक वेळा ज्वारीच्या कण्या. एवढं मला लग्नानंतर नणंदेकडून कळलं होतं. यांनी स्वतः तो शब्द कधी उच्चारला नव्हता. मला वाटलं, संपलं. सोयरिकीच्या जेवणाला या बाईंनी कण्या आणल्या, असं हे म्हणणार आणि ते "बघू" आता कायमचं राहणार. मी टेबल मांडताना ते पातेलं अगदी टोकाला, कुरडयांच्या ताटामागे ठेवलं. मला आजही त्याची लाज वाटते.

जेवायला बसलो. पहिली पोळी झाली आणि हे विहीणबाईंना विचारते झाले, तुम्ही घरी रोज काय जेवता? प्रश्न साधा होता, पण सूर नोकरीच्या मुलाखतीचा. बाईंनी टोकाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हा दोन्ही वेळा हेच असायचं. हा यावरच वाढलाय."

किती वाजले विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. पण मुलाचे कान लाल झाले. त्यानं चमचा खाली ठेवला आणि मान खाली घालून ताटाकडे बघत राहिला. लेक बाबांकडे बघत होती. मला ते सहन होईना, म्हणून मी आपली हसले आणि म्हटलं, असू दे हो, पुरणपोळी घ्या आणखी.

यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग उठले, ते पातेलं उचलून स्वतःपुढे ठेवलं आणि पुरणपोळीच्या शेजारी दोन मोठे डाव कण्या वाढून घेतल्या. मला ताक मागितलं आणि एक कांदा. मी मुकाट्यानं आणून दिलं. यांनी टेबलावर कांदा ठेवून बुक्कीनं फोडला, कण्यांत मधोमध आळं केलं, त्यात ताक ओतलं आणि हातानं जेवायला लागले. पंचवीस वर्षांत परक्या माणसासमोर या माणसानं काटाचमचा सोडला नव्हता. मग मुलाच्या ताटात वाढलं, आळं करून दाखवलं, कांद्याची पाकळी दिली. मुलगा आधी घाबरत आणि मग भराभर जेवला. विहीणबाईंनी ताक घालून एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घेतला.

तिसऱ्यांदा वाढून घेताना यांनी लेकीला विचारलं, "तारीख कोणती म्हणालीस?"

तिनं सांगितली, चक्क मराठीत.

"सुट्टी टाकतो मी," हे म्हणाले.

दुपारी ती मंडळी गेल्यावर मी भांडी घासत होते आणि हे पुसत होते. मी खुशीत होते, म्हणून जरा चिडवलं. म्हटलं, अहो, मी चार महिने डोकं फोडलं तेव्हा हलला नाहीत, आणि कण्या बघून कसे विरघळलात?

यांनी पातेलं पुसून खाली ठेवलं.

"तुला बघायला आलो होतो ना पुण्याला," हे म्हणाले, "तेव्हा तुझ्या आत्यानं आईला हेच विचारलं होतं. घरी रोज काय जेवता? आई म्हणाली, कण्या. मी मान खाली घातली. तू हसली होतीस. आज हसलीस ना, तशीच."

रागानं नाही म्हणाले. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. पोहे आठवले, आत्याची साडी आठवली, सासूबाईंच्या पायातल्या नव्या चपला आठवल्या. माझं हसणं आठवेना. त्याचंच मला फार वाईट वाटलं.

"मग तरी केलंत लग्न?" मी विचारलं.

"मी नकोच म्हणत होतो. आई म्हणाली, हसतीय म्हंजे पोरगी मनानं मोकळी हाय. कर तू."

सासूबाई आमच्याकडे तीन वेळा येऊन गेल्या, दर वेळी तीन-तीन महिने. याच शेगडीवर त्यांनी भाकऱ्या थापल्या, ठेचा कुटला, पिठलं केलं, माझ्या लेकीला भरवलं. कण्या मात्र कधी केल्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना आवडत नसतील.