मंजुरीपूर्वी हात लावू नये

विभावरी सबनीसला जगातली बहुतेक माणसं बिनडोक वाटत, आणि जर्मनीत एकवीस वर्षं काढल्यावर तिचं हे मत निवळण्याऐवजी घट्टच झालं होतं. बाड हॉम्बुर्गच्या ज्या श्टिफ्टुंगेत, म्हणजे धर्मादाय संस्थेत, ती नोकरी करत होती तिथल्या माणसांचा नंबर तर या यादीत पहिला. औषधाच्या बाटल्यांची बुचं विकून गब्बर झालेल्या एका घराण्याने ही संस्था काढली होती. त्या घराण्याची नातवंडं आता वर्षातून दोनदा यायची, बिनसाखरेची कॉफी प्यायची आणि समाजातल्या अन्यायाबद्दल इतक्या हळू आवाजात बोलायची की अन्याय शेजारच्या खोलीत झोपलाय आणि त्याची झोपमोड होऊ नये, असं कुणालाही वाटावं.

तीन वर्षांपूर्वी या मंडळींना एकाएकी शोध लागला की जर्मनीत कृष्णवर्णीय लोकही राहतात. चांगले पिढ्यान् पिढ्या राहतात, जर्मनच बोलतात आणि करही भरतात. हे कळल्यावर सगळ्यांना गहिवरून आलं आणि लगोलग एक खास निधी निघाला: कृष्णवर्णीय समाजातल्या मुलांना शिक्षणाची संधी आणि त्या समाजाच्या वारशाचं जतन. संचालिका डॉ. आल्टहोफ बाईंनी गुळगुळीत कागदावर पुस्तिका छापून घेतली. मुखपृष्ठावर एक काळी मुलगी हसत होती. ती कोण, कुठली, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, कारण फोटो विकत आणलेला होता.

या निधीच्या फाइली विभावरीच्या टेबलावर आल्या. "हे बघा, फ्राउ सबनीस, तुम्हाला या विषयाची जाण जास्त असणार," आल्टहोफ बाई म्हणाल्या. म्हणजे, तुम्ही सावळ्या आहात. सहकारनगरात वाढलेल्या आणि आफ्रिकेतले चार देश ओळीने सांगता न येणाऱ्या विभावरीने मनात म्हटलं, काय अक्कल आहे एकेकाची! तोंडाने मात्र ती "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, एवढंच म्हणाली.

घरी तऱ्हा वेगळी नव्हती. नवरा पद्माकर फ्रँकफुर्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि जेवताना त्याला हमखास तत्त्वज्ञान सुचायचं.

"अगं, म्हणजे तुम्ही त्यांना नुसते पैसे वाटता? आपल्याला कुणी वाटले होते का? आपण मेरिटवर आलो."

"अहो, तुमचं सगळं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात झालं. फी किती होती, सांगू का?"

यावर पद्माकरने आमटी वाढून घेतली. महाराष्ट्र मंडळातली मालिनी तर त्याच्याही वरताण. विभावरी अर्जदारांना भेटायला जाते हे ऐकून ती म्हणाली, "एकटी जातेस त्या लोकांत? पर्स सांभाळ हं बाई!" हे म्हणणाऱ्या मालिनीला गेल्याच महिन्यात एका दुकानातल्या पहारेकऱ्याने थांबवून पिशवी उघडायला लावली होती, पण त्या गोष्टीचा या गोष्टीशी काही संबंध आहे हे तिच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

विभावरीला हे सगळं लख्ख दिसायचं. दुसऱ्यांचं पाहायचं वाकून, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपलं झाकलेलं मात्र तिनेही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

तर ऑक्टोबरात ती फ्राउ केसलर यांना भेटायला र्युसेल्सहाइमला गेली. रोसविता केसलर, वय चौऱ्याहत्तर. आई तिथलीच, वडील युद्धानंतर आलेल्या अमेरिकन फौजेतले काळे शिपाई. ते बदली होऊन परत गेले ते गेलेच. अशी हजारो मुलं त्या वर्षांत जन्मली. कित्येकांना अनाथाश्रमात टाकलं, कित्येकांना दत्तक म्हणून समुद्रापार पाठवलं. रोसविताला आईने सोडलं नाही. पुढे त्यांनी पस्तीस वर्षं मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली, आणि उरलेल्या वेळात आपल्यासारख्यांना शोधून काढलं. त्यांचे फोटो मागून घेतले, पत्रं घेतली, समोर टेपरेकॉर्डर ठेवून एकेकाला बोलतं केलं. हे सगळं एकशे बारा खोक्यांत भरून एका इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवलं होतं. दुसरी प्रत कशाचीच नव्हती.

"हा बघा मानफ्रेड," बाईंनी एक फोटो पुढे केला. शाळेच्या पहिल्या दिवशी जर्मन पोरांना देतात तो खाऊचा कागदी कोन घेऊन एक काळं पोर उभं होतं. कोन पोरापेक्षा उंच होता. "याला नंतर डेट्रॉइटला पाठवलं. परत यायचं म्हणून आयुष्यभर जर्मन विसरला नाही. याच्या दोन कॅसेट आहेत माझ्याकडे."

बाईंची मागणी साधी होती. दर शनिवारी त्यांच्याकडे समाजातली दहा-बारा मुलंमुली अभ्यासाला येत. त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यायचं, विद्यावेतन द्यायचं आणि त्यांच्याच हातून हा सगळा ठेवा संगणकावर चढवून घ्यायचा. इतका नेटका अर्ज विभावरीने तीन वर्षांत पाहिला नव्हता. परतीच्या गाडीत तिचे डोळे भरून आले. लगेच तिने ते पुसले, कारण सरकारी असो की खासगी, फाइल हाताळणाऱ्याने रडू नये असं तिचं मत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर फोन आला. केलरमधला पाण्याचा पाइप फुटला होता. खालची खोकी भिजून लगदा व्हायच्या बेतात होती.

"दार्मश्टाटला एक माणूस आहे," केसलर बाई भराभर बोलत होत्या. "ओले फोटो तो गोठवून ठेवतो आणि मग सावकाश सुकवतो. मी माझ्या पेन्शनमधून देते त्याला. नाहीतर आमची मुलं येतील, दोरीवर वाळत घालतील. चालेल ना? आमच्या अर्जाला काही बाधा?"

आता इथे एक नियम सांगायला हवा. जर्मनीत अनुदान हवं असेल तर मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत काम सुरू करायचं नाही. केलंत, तर तुम्हाला पैशांची गरजच नव्हती असा अर्थ निघतो आणि अर्ज बाद होतो. नियम कुणाला काम दिलं, करार केला, यापुरता आहे. भिजलेला फोटो दोरीवर टाकू नका, असं तो कुठेही म्हणत नाही.

विभावरीला हे ठाऊक होतं. ओला कागद दोन दिवसांच्या वर थांबत नाही, हेही ठाऊक होतं. लग्नाआधी पुण्यात एका ग्रंथालयात तिने तीन वर्षं जुन्या पोथ्यांची काळजी घेतली होती. आणि डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये एकपानी अर्ज असतो, त्यावर आल्टहोफ बाईंची सही घेतली की मंजुरीपूर्वीही काम सुरू करता येतं, हे तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तूर्त काहीच करू नका," ती म्हणाली. "हातसुद्धा लावू नका. मी बघते."

तिने तो अर्ज काढला, भरला आणि आल्टहोफ बाईंच्या दारापर्यंत गेलीही. दार उघडं होतं. पण तिथेच तिला वसंतातली एक गोष्ट आठवली. कॉफीच्या यंत्रापाशी एक सहकारी हसत हसत म्हणाला होता, "फ्राउ सबनीसच्या फाइली बऱ्या झटपट पास होतात हं! शेवटी आपली माणसं ती आपली माणसं." तो विसरलाही असेल. विभावरी विसरली नव्हती. आपण त्या अर्जदारांतल्या नाही, आपण नियमाच्या बाजूच्या, हे तिला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते देव जाणे. ती उंबऱ्यावरून परत फिरली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात ते असं.

केसलर बाईंचा पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. केलरमध्ये वास सुटला होता. "थोडा धीर धरा," विभावरी म्हणाली. "बैठक डिसेंबरच्या मध्यावर आहे. सगळं व्यवस्थित होईल." त्यानंतर फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर विभावरीला हायसं वाटलं.

बैठकीत तिने जीव ओतून बाजू मांडली. मानफ्रेडची गोष्ट सांगितली, त्या उंच कोनासकट. बुचवाल्यांच्या एका नातीने चक्क नाक शिंकरलं. मागितली होती त्याहून थोडी जास्तच रक्कम एकमताने मंजूर झाली. विभावरीला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला. कुणाचे उपकार नाहीत, वशिला नाही, सगळं नियमात बसवून केलं. तिने जागेवरूनच फोन लावला.

"मंजूर झालं, फ्राउ केसलर! पूर्ण!"

पलीकडून बाई म्हणाल्या, "छान. पण आता जतन काय करायचं? खालची खोकी पहिल्याच आठवड्यात गेली. मग बुरशी वरच्या फळ्यांवर चढली. आम्ही हात लावला नाही."

विभावरीने फोन ठेवला आणि तशीच आल्टहोफ बाईंसमोर जाऊन सगळं सांगितलं. फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवल्याचंही सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"पण तुम्ही माझ्याकडे का नाही आलात? दोन मिनिटांत सही केली असती मी." त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "आपण या हरवण्याचंच प्रदर्शन केलं तर? नुसत्या रिकाम्या चौकटी. फार बोलकं होईल."

एरवी या वाक्यावर विभावरीने घरी जाऊन तासभर तोंडसुख घेतलं असतं. वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्याचंही प्रदर्शन! पण आज ते जमेना. या बाईला ती तीन वर्षं मनातल्या मनात मूर्ख म्हणत आली होती, आणि या मूर्ख बाईने सही केली असती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बुचवाल्यांनीही केली असती. अडवलं होतं ते कुणी दुसऱ्याने नाही. विभावरीला स्वतःची किळस आली.

मंजुरीचं पत्र टपालाने जाणार होतं. तिने ते मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी र्युसेल्सहाइमला गेली.

केसलर बाईंनी तिला केलरमध्ये नेलं नाही, वरच स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बुरशीतून वाचलेलं मांडलं होतं. ते टेबलाच्या एका कोपऱ्यात मावलं. बाकीचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या, वर हिरवट लव. बाईंनी एक वीट हातात घेऊन दाखवली. आत कोण कोण आहे ते त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यांनी नावं सांगितली. मानफ्रेड त्यातच होता.

विभावरी न बसताच बोलली. असा एक फॉर्म असतो हे सांगितलं. मी भरला, दारापर्यंत नेला आणि परत आणला, हे सांगितलं. दोरीवर वाळत घालायला तर नियमाने बंदीच नव्हती, ते मी माझ्या पदरचं सांगितलं, हेही सांगितलं. आपण का परत फिरलो ते सांगताना मात्र तिची जर्मन अडखळली, आणि तिने ते तसंच अर्धवट सोडलं.

केसलर बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मुलं त्या दिवशी शिडी आणि दोऱ्या घेऊन दारात उभी होती," त्या म्हणाल्या. "मी त्यांना परत पाठवलं. त्यांना म्हटलं, तिने सांगितलंय म्हणजे काही कारण असेल." त्यांनी हातातली वीट वर्तमानपत्रावर परत ठेवली. "तुमच्या त्या आल्टहोफ बाईंनी सांगितलं असतं ना, तर मी ऐकलं नसतं. त्यांच्यासारख्यांनी 'थांबा' म्हटलं की हात चालवायचे, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबले."

विभावरी पत्र हातात धरून उभीच होती.

"ते तिथे ठेवा," केसलर बाई म्हणाल्या, "आणि जाताना दार ओढून घ्या."