ताटावरचं नाव

लेकीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलवाल्यांनी मोबाईलवर एक यादी धाडली. बादली, मग, गादी, उशी, चादरी, ताट, दोन वाट्या, पेला, कुलूप, उशी, कपडे वाळत घालायची दोरी. खाली ताकीद, की प्रत्येक वस्तूवर नाव असावं. ज्यानं ही यादी केली त्यानं आयुष्यात कधी बिऱ्हाड हलवलेलं नसावं, कारण तीत सुई-दोरा नव्हता आणि उशी दोनदा होती.

मी नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तेवीस वर्षं काढली आहेत. वस्तू कुठं मोडणार हे मला दुकानातच कळतं, त्यामुळं माझ्यासोबत बाजारात यायला घरचं कुणी राजी नसतं. कापडबाजारात एका दुकानावर ‘हॉस्टेल किट’ अशी पाटी होती. आत बादलीपासून साबणाच्या डबीपर्यंत सगळं गुलाबी, जणू पोरगी शिकायला नाही, बारशाला चालली होती. बादलीची कडी मी दोन बोटांनी वाकवून दाखवली. चाकांच्या बॅगेचं चाक फिरवलं, तर आतली दांडी प्लॅस्टिकची निघाली.

‘साहेब, गॅरंटी आहे,’ दुकानदार म्हणाला.

‘मोडायची ना?’ मी विचारलं. लेक तोवर बाहेर जाऊन उभी राहिली होती.

ती पहिल्यापासून म्हणत होती, ‘पप्पा, मी तिकडंच घेते ना सगळं. मैत्रिणी आहेत सोबत.’ मैत्रिणी! त्यांना पत्रा आणि चांदीचा कागद यांतला फरक तरी कळतो का? पण खरं सांगायचं तर राग मैत्रिणींवर नव्हता. पुढची चार वर्षं ती माझ्या डोळ्यांआड राहणार होती. माझा हात फिरलेली एक तरी वस्तू तिनं रोज वापरावी, एवढंच मला हवं होतं. ते तोंडानं म्हणवत नव्हतं, म्हणून मी बादल्या वाकवत होतो.

मग पाहुणे सुरू झाले. शेवगावहून माझी बहीण आली ती पाच किलोचा स्टीलचा डबा घेऊन. डब्यात शेंगदाण्याचे लाडू अर्ध्यापर्यंत. नाव मात्र डब्यावर, झाकणावर आणि झाकणाच्या आतल्या बाजूलासुद्धा. अमुक अमुक यांजकडून सप्रेम भेट. नाव अर्थातच दाजींचं. लाडू बहिणीनं वळले, डबा बहिणीनं घेतला; दाजींनी फार तर एसटीत तो मांडीवर धरला असेल.

‘अगं, झाकणाच्या आत कशाला?’ मी विचारलं.

‘झाकनं बदलत्यात रं लोकं. लई चोऱ्या हुत्यात हॉस्टेलात. आन् आपलं नाव असलं म्हंजी ध्यानात ऱ्हातं, कुनी दिलं ते.’

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. श्रीरामपूरचा माझा मेहुणा, म्हणजे लेकीचा मामा, त्याच्याही पुढचा. त्यानं तांब्या-भांडं आणलं आणि त्यावर स्वतःचं नाव, त्याखाली त्याच्या दुकानाचं नाव. मोबाईल नंबर तेवढा राहिला होता. पोरीनं पाणी प्यायचं की जाहिरात वाचायची? जेवताना मी सगळ्यांना ऐकवलं, की पाच रुपयांच्या अक्षरांसाठी माणसानं इतकं हपापू नये.

लेकीसाठी घेतलेली भांडी मी दुकानात नाव घालायला नेली नाहीत. तिथली अक्षरं पाहिलीत तर वाटतं मुंग्या वाट चुकल्या आहेत. आमच्या टूलरूममध्ये मोजमापाच्या हत्यारांवर नाव घालायचा विजेचा पेन आहे. साहेबांना विचारून तो मी घरी आणला आणि रविवारी सकाळी ओट्यावर कागद अंथरून बसलो. ताट, वाट्या, पेला, चमचा, कुलूप, कात्री, बादलीची कडी. एकेक अक्षर छापल्यासारखं. तासाभरात सगळं उरकलं आणि लेकीला हाक मारली.

तिनं ताट उचललं, वाचलं, आणि म्हणाली, ‘पप्पा, हॉस्टेलला तुम्ही चाललाय का?’

ताटावर माझं नाव होतं. पेल्यावर, चमच्यावर, कुलपावरही माझंच. तेवीस वर्षं हत्यारांवर घालतोय तसंच, इनिशियल आणि आडनाव. घालताना एकदाही मनात आलं नाही. पिठाच्या हातांनी बायको बाहेर आली. ‘परवा दाजींना हसत होतात ना?’ एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

‘मग भांड्यावर काय घालतात?’ मी आवाज चढवला. ‘घरातल्या मोठ्या माणसाचंच घालतात!’

लेकीनं ताट पालथं ठेवलं. ‘बरं. तुमचं आहे, तर राहू द्या घरीच. मी तिकडं घेते.’

दोन दिवस ती भांडी ओट्यावर तशीच पडून होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला नगरहून शेवगावपर्यंत दिसलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळी भांडी पिशवीत घालून कारखान्यात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक करून घासली, आधी बारीक पॉलिशपेपर, मग बफचं कापडी चाक. संध्याकाळी ती लेकीपुढं मांडून पेन हातात घेतला. ‘सांग, कसं घालू?’

ती काही बोलायच्या आतच माझा हात अडला. तिचं नाव मी माझ्या हातानं कधी लिहिलंच नव्हतं. जन्माचा दाखला मामानं काढला, शाळेचे फॉर्म आईनं भरले. मी अठरा वर्षं फक्त सही करत आलो, तीही माझ्याच नावाची. पेनाचं टोक ताटापासून बोटभर वर नुसतंच घरघरत राहिलं.

तिनं ते बघितलं आणि बोर्डातून पेनाची पिन काढली. ‘राहू द्या पप्पा. असंच नेते,’ म्हणाली, आणि ताट स्वतःच्या हातानं बॅगेत ठेवलं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

तिला सोडायला पुण्याला गेलो. हॉस्टेलच्या मेसमध्ये भिंतीला ताटांचं लांब स्टँड होतं. पन्नासेक ताटं उभी, आणि प्रत्येकावर कुणाचा तरी बाप, मामा, आजोबा. रेक्टर मॅडमनी लेकीचं ताट उलटसुलट पाहिलं. ‘यावर नाव नाही. हरवेल.’

‘नाही हरवणार मॅडम,’ लेक म्हणाली. ‘बिननावाचं एकच आहे.’

ते स्टँडला लावून मॅडम पुढं गेल्यावर मी ताट स्टँडमधून हळूच काढलं आणि खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. कुठंतरी माझ्या नावाचं एखादं अक्षर राहिलं असेल, असं वाटलं. काहीच नव्हतं. काम मी चोख केलं होतं.